पॅट्रॉन सिल्व्हर टकीला: मीठ-लिंबू बाजूला ठेवा आणि आधी वास घ्या

टकीला म्हटलं की आपल्याकडं अजून तेच, हातावर मीठ, लिंबाची फोड आणि डोळे मिटून एका घोटात शॉट. पॅट्रॉन सिल्व्हर घेतली असेल तर प्लीज असं करू नका, एवढे पैसे घालून वासच घ्यायचा नसेल तर दुसरं काहीतरी घ्या. राजारामपुरीत मित्राच्या गच्चीवर आम्ही ही निवांत चाखली आणि मला लई म्हणजे लई आवडली.

कुठलीही टकीला घेताना आधी लेबलवर १०० टक्के अगावे लिहिलंय का बघा, अगावे म्हणजे आपल्या घायपातीच्या जातीची वनस्पती, टकीला तिच्यापासूनच काढतात. नियमानं निम्म्याच्या वर, म्हणजे ५१ टक्के साखर निळ्या अगावेची असली तरी टकीला म्हणून विकता येते, बाकीची उसाची वगैरे चालते. ही पूर्ण अगावेची, मेक्सिकोत हलिस्को राज्यातल्या आतोतोनिल्को एल आल्तोची. तो उंचावरचा तांबड्या मातीचा भाग, तिकडच्या टकीला बहुतेक गोडसर आणि फळांच्या वासाच्या, खाली टकीला गावाकडच्या जास्त मातकट. अगावे तयार व्हायला ६-८ वर्षं लागतात, मग पानं छाटून मधला गड्डा भट्टीत शिजवतात, आणि हे लोक तो दगडी चाकाखाली पण चेचतात, रोलरमधून पण काढतात आणि दोन्हीकडची दारू शेवटी एकत्र करतात.

आता चाखायचं कसं. तोंडाला निमुळता ग्लास, वाईनचा छोटा असला तरी चालतो, ३० मिली ओता आणि पाच-दहा मिनिटं हात लावू नका. नाक एकदम आत घालू नका, ४० टक्के अल्कोहोल आहे, नाक बधिर होतं, तोंड जरासं उघडं ठेवून ग्लासच्या कडेवरनं हळू वास घ्या. मला आधी लिंबाच्या सालीचा वास आला, रसाचा नव्हे, साल नखानं खरवडल्यावर येतो तो. मग मागनं शिजलेल्या अगावेचा, गुऱ्हाळावर काहिलीत रस आटत आला की सुटतो त्याच्या जवळचा, पण थोडा हिरवट. छोटा घोट जिभेवर फिरवला की आधी हलकी गोडी, मग काळी मिरी, आणि गिळून नाकानं श्वास सोडला की परत ते लिंबू. घसा अजिबात जळत नाही. ग्लास रिकामा झाला तरी धुवू नका, थोड्या वेळानं परत हुंगा, अल्कोहोल उडालेलं असतं आणि अगावेचा वास तेवढा राहतो, मला सगळ्यात भारी तेच वाटलं.

सोनेरी रंगाला भुलू नका. किमान २ महिने ओकच्या लाकडात ठेवली की रेपोसादो, वर्षभर ठेवली की अन्येहो, पण रंगासाठी कॅरामल घालायलाही नियमात मुभा आहे. म्हणून शिकायला पांढरीच, म्हणजे लाकडात न ठेवलेली ही सिल्व्हरच बरी, लाकडाआड काही लपत नाही.

तांबडा रस्सा आधी ओरपलात तर यातलं काही कळणार नाही, जेवणाआधीच घ्या, सोबत काकडी आणि बिनमिठाचे शेंगदाणे बास. मातकट, तिखट आवडणाऱ्याला ही जरा मवाळ वाटेल, पहिल्यांदा चाखणाऱ्याला मात्र मी हीच सांगीन. महाग आहे, चौघांत घ्या. बूच असल्यानं बाटली उभीच ठेवा, आणि उन्हाळ्यात फ्रीजपेक्षा थोडा वेळ गार पाण्यात ठेवा, फार गार झाली की वास बसतो.