मॅडनेसचा नॉर्टन फोलगेटवाला अल्बम, सोलापूर ते कुर्डुवाडी

आधी सीडीचं रडगाणं सांगून टाकतो. मॅडनेस ह्या इंग्रजी बँडची जुनी सीडी ऑनलाइन एका विक्रेत्याकडनं मागवली, दीड महिन्यानी आली, डबीचं बिजागर तुटलेलं आणि आत डिस्क सुटी खुळखुळत होती, फोटो पाठवला तर म्हणे डिस्क वाजतीय ना मग झालं. वाजतीय, ते खरंय. पण घरात सीडी लावायला आता उरलंय काय, वडिलांचा जुना डीव्हीडी प्लेअर माळ्यावरून काढला, त्याचा ट्रे अर्धाच बाहेर येतो, बाकीचा बोटानी ओढायचा. दोन-तीन गाणी झाली आणि आई आतनं ओरडली, "कुणाची वरात आली रे दारात?"

आईची काय चूक नाही. सॅक्सोफोन, ट्रंपेट, वर पियानोची ठेका धरून चाललेली पळापळ, आपल्याकडं हे ऐकू येतं ते लग्नातच. माझा एक मित्र तर हेडफोनचं एक टोक कानात घालून म्हणाला, "काय ऐकलालास बे, सर्कस हाय का?" ह्यालासुद्धा नावं ठेवता येत नाहीत, कारण मॅडनेसवाल्यांच्या वाजवण्याला त्यांच्याकडं 'नटी साउंड' म्हणजे वेडसर आवाजच म्हणतात आणि त्यात जत्रेतल्या बाजाचा वास आहेच. आमच्या सोलापुरात जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते, पाळण्यांचा एक भोंगा, मौत का कुआँचा दुसरा, पुंगीवाला तिसरीकडं, सगळं एकात एक मिसळून जे कानावर येतं ना, त्याला जर कुणी नीट सुरात बसवलं तर जवळपास हेच निघेल.

ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तर लंडनच्या कॅमडेनमधली पोरं, १९७६ मधे जमली. नाव घेतलं जमैकाच्या प्रिन्स बस्टरच्या गाण्यावरनं आणि १९७९ मधलं पहिलं सिंगल 'द प्रिन्स' पण त्यालाच सलाम करणारं. हे वाजवतात तो स्का, हा मुळात जमैकाचा माल. एक दोन तीन चार मोजताना आपण आकड्यावर टाळी देतो, स्कामधे गिटार नाहीतर पियानो दोन आकड्यांच्या मधल्या फटीत चक् करून मारतात, म्हणून पाय आपोआप उचलतो. हे मला समजावून सांगायची कुणाला गरज पडली नाही कारण मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलोय, रात्री झोपताना भिंतीपलीकडं यंत्रमाग चालू असायचा, धोट्याचा खट आणि फणीचा ठक आणि त्या दोघांच्या मधे एक बारीकशी उडी. ती उडी म्हणजेच स्का. बाकी 'अवर हाउस' हे १९८२ चं गाणं तुम्ही कुठंतरी ऐकलेलं असणार, २०१२ मधे तर ह्यांनी ते राणीच्या राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून वाजवलं.

आता मुद्द्याचा अल्बम. 'द लिबर्टी ऑफ नॉर्टन फोलगेट', २००९. म्हणजे पहिल्या सिंगलनंतर तीस वर्षांनी, आणि स्वतःची नवीन गाणी असलेला त्याआधीचा अल्बम १९९९ चा, मधे २००५ ला दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक येऊन गेला तेवढाच. पन्नाशीला टेकलेली माणसं, सातच्या सात जागेवर, आणि निर्माते पण जुनेच क्लाइव्ह लँगर आणि अॅलन विन्स्टॅन्ली. अशा वेळी बहुतेक बँड काय करतात, जुनी हिट गाणी नव्या बाटलीत भरतात. ह्यांनी सरळ आपल्या शहरावर अल्बम काढला. तोसुद्धा लंडन आय, बिग बेन असल्या पोस्टकार्डातल्या लंडनवर नाही.

नॉर्टन फोलगेट हा बिशप्सगेट आणि शोरडिचच्या मधला एवढुसा तुकडा. लिबर्टी म्हणजे इथं नुसतं स्वातंत्र्य नाही, जुन्या काळी तिकडं काही जागा आजूबाजूच्या कारभारातनं सुट्या असायच्या, आपलं आपण बघायचं, त्याला लिबर्टी म्हणायचे. १९०० साली ही मोडीत काढली आणि जागा शोरडिच आणि स्टेपनीत वाटून टाकली. शेजारीच स्पिटलफील्ड्स, आणि इथं मी सीडी थांबवून फोनवर वाचत बसलो, कारण ती चक्क विणकरांची वस्ती निघाली. फ्रान्समधनं धर्मापायी पळून आलेले ह्यूगनॉट, रेशमाचे माग घालून बसले, मग ज्यू आले, मग बांगलादेशी. ब्रिक लेनवर एक इमारत आहे, १७४३ मधे ह्यूगनॉटांचं चर्च म्हणून बांधली, १८९८ मधे ज्यूंचं सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून मशीद आहे. एकाच भिंतींनी तीन धर्म बघितले.

आमच्या पूर्व भागात तेलंगणातनं आलेले पद्मशाली विणकर, घरात तेलुगू, दुकानात मराठी, बाजूला कन्नड आणि उर्दू, आणि चादर मात्र सगळ्यांची मिळून सोलापुरी. आजोबा जुन्या मिलमधे होते, भोंगा बंद झाला तरी बरीच वर्षं पहाटे त्याच वेळेला उठून बसायचे. त्यामुळं शीर्षकगीत चालू होतं आणि बाहेरनं आलेल्या माणसाची भीती इथनं सुरुवात करून हळूहळू त्याच माणसांनी भरलेल्या गल्ल्या दाखवत जातं, तेव्हा मला ते लंडनचं वाटतच नाही.

ते गाणं दहा मिनिटांच्या वर आहे. हा स्का बँड, तीन मिनिटांत उड्या मारून निघून जाणारा, आणि इथं चाल बदलते, मधेच वाल्झ नावाच्या नाचाची चाल, मधेच जुन्या नाट्यगृहातल्या विनोदी गाण्याचा थाट, मधेच कुठनंतरी पूर्वेकडची लकेर, बँडमधले सग्ज आणि चॅस स्मॅश आलटून पालटून गाणार, एखादा वाटाड्या तुम्हाला दंडाला धरून नदीकाठच्या घाणीतनं, बाजारातनं, अंधाऱ्या बोळातनं फिरवतोय तसं. सग्जचा गळा काही फार मोठा नाही हो, अर्धं बोलतो अर्धं गातो, पण असल्या गाण्याला तालमीतला गळा घेऊन करायचंय काय, गोष्ट सांगणारा पाहिजे. खरा हिरो मला विचाराल तर पियानोवरचा माइक बार्सन. सगळे भरकटले तरी हा माणूस कोपऱ्यात बसून ठेका सोडत नाही.

बाकीच्यात 'वी आर लंडन' सुरुवातीलाच झकास, गावाची ठिकाणं घेत पळत सुटतं. 'फॉरएव्हर यंग' नावाला तरुण आहे पण म्हाताऱ्या माणसानी नातवाच्या डोक्यावरनं हात फिरवावा तसलं. 'शुगर अँड स्पाइस' गोड चालीत मोडलेल्या संसाराची गोष्ट, हे ह्यांचं जुनं कसब, तोंडात पेढा आणि आत मिरची. 'ऑन द टाउन'मधे र्‍होडा डाकर ही गायिका आहे आणि ती आली की बाकीची पुरुषमंडळी एकदम शिस्तीत वागायला लागतात. 'एनडब्ल्यू फाइव्ह' हा लंडनमधला पिनकोड, एखाद्यानी आमच्या ४१३००५ वर गाणं करावं तसं, आणि करावंच की कुणीतरी.

आता नावडतं. मधला भाग लांबलाय, पंधरा ट्रॅकपैकी तीन सहज काढता आले असते, 'बिंगो' मी दरवेळी पुढं ढकलतो, 'आफ्रिका' छान तरंगतं पण ह्या अल्बममधे त्याचं काय काम ते मला कळलं नाही. आणि नाचायला म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, त्यासाठी १९७९ चा 'वन स्टेप बियाँड' आहे. ह्यात स्का आहे तो जेवणातल्या शेंगाचटणीएवढा, ताटात बाजूला, पण नसली तर चुकल्यासारखं होईल इतपत. तिकडं चार्टवर हा पाचवर गेला. स्टुडिओ अल्बम पहिल्या नंबरवर यायला ह्या लोकांना २०२३ उजाडावं लागलं, तोही ऐकला, चांगलाय, पण माझं मन ह्याच्यावरच.

सीडी घरातल्या प्लेअरवर मला पूर्ण ऐकता आली नाही, आई आणि तो ट्रे दोन्ही आडवे आले. शेवटी फोनवर घेतला आणि पुण्याला जाताना सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमधे लावला. ही गाडी कुणाच्या नावाची ते सोलापूरकराला सांगायला नको, १९३० च्या मे महिन्यात तीन-चार दिवस हे शहर इंग्रजांच्या हातात नव्हतं, मग मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन चौघं येरवड्यात फासावर गेले. चार दिवसांची आमची पण लिबर्टीच होती ती. त्या चौघांच्या नावाच्या गाडीत बसून इंग्रजांचं लिबर्टीवरचं गाणं ऐकतोय हे लक्षात आल्यावर मी एकटाच हसलो, समोरच्या काकांनी पेपर खाली करून बघितलं.

साडेसहाला गाडी सुटताना ओव्हरचर, म्हणजे अल्बमचा पहिला तुकडा, लावायचं. मोहोळपर्यंत अर्धा अल्बम होतो, 'बिंगो' ढकललं तर जरा आधीच. दहा मिनिटांचं ते गाणं माढ्याच्या आसपास चालू होतं, खिडकीतनं उसाचे फड पळत असतात, आणि शेवटचा सूर विरतो तोवर कुर्डुवाडी, चहावाला डब्यात चढलेला.