उपवासकाळासाठी एक गीतपुस्तिका: सात बुधवार आणि एका उत्तम शुक्रवारानंतरचा अभिप्राय

यंदाच्या उपवासकाळात, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या लेंटमध्ये, बुधवारच्या सायंउपासनांसाठी मी एक नवी गीतपुस्तिका आणली. शेजारच्या जिल्ह्यातील एका मंडळीच्या गायकवृंदाने ती खाजगी वितरणासाठी छापलेली असून ती दुकानात मिळत नाही, एका मंडळीकडून दुसऱ्या मंडळीकडे जाते; म्हणून येथे तिचे नाव देत नाही. पाने 88, गीते 52, किंमत 150 रुपये, आणि मागच्या पानावर ध्वनिमुद्रणे ऐकण्यासाठी एक क्यूआर कोड. मी मंडळीत पेटी वाजवते. त्यामुळे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे राखेच्या बुधवारपासून, उत्तम शुक्रवारपर्यंत (गुड फ्रायडे) ही पुस्तिका माझ्या पेटीवर उघडी होती, आणि पुढील मत त्या वापरातून बनलेले आहे.

पहिली जमेची बाजू मांडणीची आहे. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत दिनदर्शिकेवर 46 दिवस होतात, आणि त्यांतले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस असल्याने त्या दिवशी उपवास धरत नाहीत. संपादकांनी हे ध्यानात ठेवून रविवारची गीते वेगळी काढली आहेत आणि ती आठवड्यातल्या गीतांइतकी खिन्न ठेवलेली नाहीत. ‘हालेलूया’ (देवाची स्तुती करा) हा आनंदाचा शब्द मात्र संपूर्ण पुस्तिकेत एकदाही येत नाही. कॅथलिक आणि अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) परंपरेत हा शब्द या काळात आवरून धरतात, पण आमच्यासारख्या अमेरिकन मराठी मिशनच्या मुशीतून आलेल्या मंडळ्यांना ही शिस्त मुळात परकी होती. 1813 साली मुंबईत उतरलेल्या त्या मिशनऱ्यांचे पूर्वज प्युरिटन होते, आणि शास्त्रात नसलेले सण व उपवासकाळ पाळणे त्यांना मान्य नव्हते. पुढे 1970 साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा अँग्लिकन आणि बिगर-अँग्लिकन मंडळ्या एका छपराखाली आल्या, आणि लेंट पाळण्याची सवय जुन्या घरात आलेल्या नव्या सुनेसारखी हळूहळू रुळली. पहिल्याच बुधवारी आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, “हालेलूया म्हटलं तर देव रागावणार आहे का?” रागावणार नाही, हे उघड आहे. परंतु सहा आठवडे तोंडात न आलेला शब्द पुनरुत्थानाच्या पहाटे म्हणताना गळा कसा भरून येतो, ते त्यांनी यंदा स्वतः अनुभवले, आणि त्यानंतर तो प्रश्न पुन्हा निघाला नाही.

पुस्तिकेचा खरा कस लागतो तो गीतांच्या निवडीत. उपवासकाळाचे मर्म पश्चात्ताप असले, तरी पश्चात्ताप कोणापुढे आणि कोणत्या नात्याने करायचा हे उपदेशापेक्षा गीत अधिक ठरवते, असे माझे वर्षानुवर्षांचे निरीक्षण आहे. इंग्रजीतून आलेल्या बऱ्याच जुन्या गीतांत पापी माणूस न्यायासनापुढे उभा असतो. कर्ज, दंड, रक्ताने फेडलेली किंमत ही तिथली भाषा आहे. ती शास्त्राला धरूनच आहे, यात वाद नाही. पण नारायण वामन टिळकांचे भजन सुरू झाले की न्यायालयाची भिंत हलते आणि आपण घराच्या उंबऱ्यावर येतो. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणून हाक मारली, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले. माउलीपुढे चुकलेले लेकरू रडते ते शिक्षेच्या धाकाने नव्हे, दुरावल्याच्या दुःखाने रडते. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा परत निघतो तोही बाप आठवल्यावरच. संपादकांना हा फरक उमगला आहे. राखेच्या बुधवारी बायबलमधल्या पश्चात्तापाच्या 51 व्या स्तोत्राच्या वाचनानंतर त्यांनी अभंगाच्या चालीचेच गीत ठेवले आहे, आणि न्यायासनाची भाषा असलेली गीते उपवासकाळाच्या शेवटच्या, दुःखसहनाच्या सप्ताहाकडे सरकवली आहेत. यामुळे लोक दचकून नव्हे, तर जवळ येऊन बसतात, हे मी पेटीमागून पाहिले.

भाषांतरित गीतांचा विभाग मात्र उंचसखल आहे. आयझॅक वॉट्स यांचे वधस्तंभावरील 1707 सालचे प्रसिद्ध गीत घ्या. त्याच्यासोबत बहुतेक ठिकाणी गायली जाणारी ‘रॉकिंगहॅम’ ही चाल एडवर्ड मिलर यांनी 1790 साली प्रसिद्ध केली. आठ अक्षरांची ओळ एका हलक्या मात्रेवर सुरू होते आणि जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो. इंग्रजीत हे सहज बसते. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचे भान सुटले की शब्द कण्हू लागतो. ‘वधस्तंभ’ हाच शब्द पाहा. ओळीच्या शेवटी तो आला आणि त्यातल्या ‘भ’वर लांब स्वर पडला की सबंध मंडळी ‘वधस्तंभाऽऽ’ म्हणते आणि अर्थ वाहून जातो. पुस्तिकेतल्या भाषांतरकाराने दोन कडव्यांत तिथे ‘वधस्तंभी’ असे सप्तमीचे रूप योजले आहे. बदल एका वेलांटीचा, पण शेवटचा दीर्घ ईकार लांब स्वराला आपोआप धरून राहतो आणि वाक्यही जुन्या ओवीसारखे भरदार लागते. तिसऱ्या कडव्यात हे भान सुटले आहे. तिथे ‘पाप’ या शब्दाचा शेवटचा ‘प’ चार मात्रा ओढावा लागतो. आम्ही ते कडवे गाळले.

पाउल गेरहार्ट यांच्या 1656 सालच्या, काट्यांचा मुकुट घातलेल्या मस्तकाला उद्देशून असलेल्या गीताचे भाषांतर अधिक सरस आहे. त्याची चाल मुळात हान्स लिओ हासलर यांनी 1601 साली एका प्रेमगीतासाठी रचली होती आणि पुढे योहान सेबास्टियन बाखने मत्तयच्या शुभवर्तमानावरील आपल्या यातनासंगीतात ती पुन्हा पुन्हा आणली. प्रेमगीताची चाल उपासनेत कशी चालते, असे कोणाला वाटल्यास आपल्या कीर्तनकारांनी नाट्यपदांच्या किती चाली उचलल्या ते आठवावे.

रागांच्या सूचनांबद्दल माझी तक्रार आहे. बुधवारच्या सायंउपासनेसाठी चार गीतांवर ‘जोगिया’ असे छापले आहे. जोगियातले वैराग्य या काळाला शोभते खरे, पण तो पहाटेचा राग आहे, आणि संध्याकाळी सात वाजता ट्यूबलाइटच्या उजेडात तो उपरा वाटतो. आम्ही त्यांतली दोन गीते पूरियाधनाश्रीत बसवली. याउलट उत्तम शुक्रवारच्या बारा ते तीनच्या उपासनेसाठी, वधस्तंभावरील सात उद्गारांपैकी चौथ्या उद्गारानंतर, भीमपलासातले गीत सुचवले आहे, आणि ही निवड अचूक आहे. “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” हे वाचून झाल्यावर पाळकसाहेब खाली बसतात, दुपार ऐन भरात असते, पंखे चालू असूनही कोणी हलत नाही, अशा वेळी भीमपलासातला कोमल गांधार लागला की वेगळ्या विवेचनाची गरज उरत नाही. त्या गीतात पेटी फक्त आधाराला ठेवावी अशी तळटीप आहे. कॅथलिक उपासनाविधीतही प्रायश्चित्तकाळात वाद्ये काही ठराविक दिवस सोडून केवळ गायनाला आधार देण्यापुरतीच वाजवायची असतात. ही टीप सबंध पुस्तिकेला लावली असती तरी चालले असते.

मला सर्वांत खटकलेली उणीव वेगळीच आहे. मराठी मातीतले ख्रिस्ती उपवासकाळाचे गायन मिशनऱ्यांच्या एकोणिसाव्या शतकापासून सुरू झाले, असा या निवडीचा सूर आहे. वस्तुतः इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यातल्या सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले, आणि त्यातल्या दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र दुःखसहनासह ओवीबद्ध आहे. फ्रान्सिस्को वाझ द गिमारांइश यांचे दुःखसहनावरील मराठी पुराण 1659 सालचे, आणि उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांत ते उपवासाच्या दिवसांत गायले जाई. चारशे वर्षांचा हा ठेवा 52 गीतांत एका पानालाही पात्र ठरू नये, हे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांनी एकमेकांची पुस्तके न उघडण्याच्या जुन्या सवयीचेच लक्षण आहे.

छपाई ठीक आहे. स्वरलिपीचा टंक लहान असल्याने चष्म्याशिवाय वाचवत नाही, आणि तारेची बांधणी असल्यामुळे पुस्तिका पेटीवर सपाट राहते, ही वाजवणाऱ्याच्या दृष्टीने मोठी सोय आहे. ध्वनिमुद्रणांची लय मात्र घाईची आहे. आमच्या गायकवृंदातील मुलांनी ती ऐकून तयारी केली आणि पहिल्या बुधवारी पुढच्या बाकावरच्या आजीबाई दोन ओळी मागे राहिल्या. ती ध्वनिमुद्रणे चाल समजून घेण्यापुरतीच ऐकावीत.

एकंदरीत 150 रुपयांत ही खरेदी मला पटली, आणि मंडळीसाठी आणखी दहा प्रती मागवल्या आहेत. शेवटची दोन पाने ‘टिपणांसाठी’ म्हणून कोरी सोडलेली आहेत. आमच्या प्रतीत त्या पानांवर आता ख्रिस्तपुराणातल्या बारा ओव्या हाताने उतरवलेल्या आहेत, आणि पवित्र शनिवारी पेटी बंद ठेवून आम्ही त्याच म्हटल्या.