नौपाड्यातलं फिजिओथेरपी क्लिनिक: लिफ्ट नाही, पार्किंग नाही, तरीही जा

गणपतीच्या आधीचा रविवार होता. आमचं मखराचं सगळं सामान दिवाणाच्या आत असतं, म्हणजे प्लायवूडची फळी एका हाताने वर धरायची आणि दुसरा हात आत घालून पार कोपऱ्यातली पिशवी ओढून काढायची, हे मी दरवर्षी करते. यावर्षी पिशवी ओढली आणि कंबरेत डावीकडे खाली अशी चमक निघाली की मी तशीच वाकलेली राहिले, सरळ होता येईना आणि खाली बसताही येईना. मुलाने धावत येऊन फळी धरली म्हणून, नाहीतर ती पाठीवरच आली असती. वय ४४, रोज ठाणे ते दादर लोकलने नोकरीला जाते, याआधी कंबरेचा कधीच त्रास नाही.

सासूबाई म्हणाल्या, "उसण भरलीय, पायाळू माणसाचा पाय लागायला हवा." खालच्या मजल्यावरच्या काकू पायाळू आहेत, त्या बिचाऱ्या हातातलं काम टाकून वर आल्या आणि तीनदा पाय लावून गेल्या. रात्री गरम पाण्याच्या पिशवीने शेक घेतला, मलम चोळलं, थोडं बरं वाटलं. पण सकाळी खाटेवरून उठताना परत तीच कळ.

मग एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो (नाव लिहीत नाही, तो इथला विषय नाही). पाच मिनिटं बघितलं, पाठीला हातसुद्धा लावला नाही, एमआरआय लिहून दिला. रिपोर्टमध्ये 'एल फोर-एल फाइव्ह डिफ्यूज डिस्क बल्ज' असं आलं, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली, आणि डॉक्टर म्हणाले गादी सरकलीय, तीन आठवडे झोपून राहा, पट्टा लावा, यापुढे वाकायचं नाही आणि वजन उचलायचं नाही. यापुढे म्हणजे कधीपर्यंत हे मी विचारलं तर म्हणाले, आता जपूनच राहायचं.

यावर्षीचे गणपती मी आतल्या खोलीतून ऐकले. आरती चालू आहे, टाळ वाजतायत, मी छताकडे बघत पडलेय. घरात सगळ्यांनी इतकं जपलं की मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईनात, आणि प्रामाणिकपणे सांगते, दुखण्यापेक्षा मला त्या 'यापुढे'ची भीती जास्त वाटत होती. तीन आठवड्यांनी मी उठले तेव्हा कंबर लाकडासारखी झालेली, पायात जोर नाही, जिन्यावरून उतरताना कठडा धरायला लागत होता. सांगितलं तसं सगळं केलं आणि आधीपेक्षा वाईट झाले, म्हणून हा रिव्ह्यू एवढा मोठा लिहितेय, माझ्यासारखे आणखी कोणी पडून राहिले असतील तर त्यांनी वाचावा.

ऑफिसमधल्या कळव्याच्या मैत्रिणीने या क्लिनिकचं सांगितलं, तिचा धरलेला खांदा इथे मोकळा झाला होता. गोखले रोडवरून आत वळलं की जुन्या बिल्डिंगमध्ये पहिला मजला. जागा छोटी आहे, चार खाटा, मध्ये पडदे, एका बाजूला मॅट टाकलेली आणि भिंतीला लावून काठ्या, रबरी पट्ट्या, छोटी वजनं. चकचकीत काही नाही. स्वच्छ मात्र आहे, खाटेवरची चादर प्रत्येक पेशंटला बदलतात.

पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पाऊण तास दिला. आधी फक्त ऐकून घेतलं, मग प्रश्न. लघवी-संडासवरचा ताबा सुटतो का, मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, ताप येतो का, वजन उगाच कमी झालंय का, रात्री दुखण्याने जाग येते का. यातलं पहिलं-दुसरं 'हो' असतं तर मी तुम्हाला इथे एक मिनिटही ठेवलं नसतं, सरळ हॉस्पिटलमध्ये पाठवलं असतं, असं त्या म्हणाल्या. मग टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, पायाचा अंगठा वर धरायला सांगून त्यावर दाब दिला, गुडघ्यावर आणि घोट्याच्या मागे छोटा हातोडा मारून बघितला, झोपवून सरळ पाय वर उचलून बघितला. पायात खाली गुडघ्याच्या पलीकडे कळ जात नव्हती, ताकद दोन्हीकडे सारखी. म्हणजे नस दबलेली नाही.

मग मी एमआरआयचं पाकीट पुढे केलं. त्यांनी नीट वाचलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, मणका किंवा गादी ड्रॉवरसारखी सरकत नसते. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा चाळिशीतल्या शंभर लोकांचे स्कॅन काढले तर साधारण पन्नास जणांत हा बल्ज दिसेल." मला खरं वाटेना, घरी येऊन मुलाकडून शोधून घेतलं. २०१५ साली असा अभ्यास छापून आलाय, त्रास नसलेल्या ३,११० लोकांची आकडेवारी एकत्र केलेली, त्यात ४० वर्षांच्या वयात बल्ज ५० टक्के लोकांत आणि ८० च्या वयात ८४ टक्के लोकांत. अगदी विशीतल्या पोरांमध्येसुद्धा ३० टक्के. म्हणजे केस पिकतात तसंच ते. माझा बल्ज त्या रविवारच्या आधीपासूनही असेल, कोणाला माहीत. पण मॅडमचं ते बोलणं ऐकूनच मी तिथे खाटेवर बसून रडले होते, मॅडमनी टिश्यू दिला आणि गप्प बसून राहिल्या, घाई केली नाही. तीन आठवडे जो धोंडा उरावर होता तो एवढ्या एका वाक्याने उतरला.

पायाळू काकूंचं पण सांगितलं मी, मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, उसण म्हणजे बहुतेक वेळा स्नायू आखडून धरतात, ते थोड्या दिवसांत आपोआप सुटायला लागतं, आणि कंबरेचं असं अचानक आलेलं दुखणं बहुतेकांचं सहा आठवड्यांत बरंच उतरतं, फक्त तोवर हलत राहायला हवं. एखाद-दोन दिवस आराम ठीक, तीन आठवडे झोपून राहिलं की स्नायू ढिले पडतात आणि सांधे आखडतात. मला नेमकं तेच झालं होतं.

मशीनबद्दल लिहायला हवं कारण ठाण्यात बऱ्याच ठिकाणी फिजिओ म्हणजे मशीन असंच चाललंय. शेक, करंट, वीस मिनिटं, पुढचा पेशंट. इथे पहिल्या दोन वेळेला आयएफटी (करंटचं मशीन) लावलं, गुदगुल्यांसारखं लागतं आणि तासभर छान वाटतं. तिसऱ्या वेळेला मी स्वतःच खाटेवर आडवी व्हायला गेले तर म्हणाल्या, "नाही, आज मॅटवर. त्याने बरं वाटतं, पण वाकायला शिकवत नाही ते." पट्ट्याचंही तसंच. मी १,१०० रुपयांचा घेतला होता. रिक्षाने येता-जाता आठवडाभर लावा आणि मग कपाटात ठेवा म्हणाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या, त्यातही पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) वापरू नका असंच आहे, व्यायाम आणि समजावून सांगणं यांना मात्र त्यात जागा आहे.

व्यायाम फार साधे निघाले. पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्यायचे, ओटीपोट आत घेऊन कंबर जमिनीला टेकवायची, मग ढुंगण वर उचलून पूल करायचा, मग चार पायांवर येऊन पाठ मांजरासारखी वर-खाली, आणि पुढे एक हात आणि उलटा पाय लांब करून धरून ठेवायचा. शेवटचा दिसतो सोपा पण पहिल्या दिवशी मला तीन सेकंदसुद्धा जमला नाही. चालणं दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं, दर आठवड्याला थोडं वाढवायचं. नवरात्रात मी तलावपाळीला पहिली पूर्ण फेरी मारली, दोनदा बाकावर बसून, आणि नवऱ्याने कोपिनेश्वराच्या दारात चप्पल काढून हात जोडले.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वाकायच्या धड्याचा. पाठीला उभी काठी लावायची, डोकं, दोन खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड हे तिन्ही काठीला टेकलेले ठेवून खुब्यातून वाकायचं. आरशासमोर आठवडाभर हेच. मग विचारलं, घरात काय काय उचलता? मी सांगितलं पाण्याचा २० लिटरचा कॅन, ओल्या कपड्यांची बादली, आणि कधीमधी सिलिंडर. त्यांनी वहीत लिहून घेतलं. १४.२ किलो गॅस आणि लोखंडाचं वजन साधारण तेवढंच, म्हणजे भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो, तो उचलायचाच नाही, तिरका करून कडेवर फिरवत न्यायचा, हेही करून दाखवलं. बाकीच्यासाठी दोन किलोच्या पिठाच्या पिशवीपासून सुरुवात केली, मग पाच, मग आठ, मग बारा. ज्या बाईला घरात तांब्या उचलू देत नव्हते तिच्या हातात त्यांनी चौथ्या आठवड्यात आठ किलो दिलं. मी घाबरले होते, त्या बाजूला उभ्या होत्या, म्हणाल्या श्वास सोडत उचला, पाठ मजबूत आहे तुमची. कोणीतरी माझ्या पाठीला मजबूत म्हणालं हे त्या महिन्यात पहिल्यांदा ऐकलं.

छोट्या गोष्टीही बऱ्याच शिकवल्या. खाटेवरून उठताना आधी कुशीवर वळून मग हाताने रेटा द्यायचा. शिंक आली की वाकायचं नाही, भिंतीला हात टेकून सरळ उभं राहायचं. ऑफिस परत सुरू केल्यावर काही आठवडे ठाण्यावरून सुटणारी लोकल धरा, बसायला मिळेल आणि घाटकोपरनंतर उठून उभ्या राहा, कारण अख्खा प्रवास बसूनही चालत नाही. बॅग रॅकवर टाकताना पाय न हलवता वळायचं नाही, हे तर माझं इतकी वर्षं चुकतच होतं.

सरळ वर चढत गेलं असं समजू नका. दिवाळीची साफसफाई मी केली, करू नका म्हणाल्या नव्हत्या पण रोज थोडी करा म्हणाल्या होत्या, मी एका दिवसात सगळी भांडी खाली काढून घासली आणि दुसऱ्या दिवशी परत आखडले. खूप निराश झाले, वाटलं सगळं पाण्यात गेलं. फोन केला, त्याच दिवशी बोलावलं, तपासलं, म्हणाल्या हे परत दुखावणं नाही, कुवतीपेक्षा जास्त झालं एवढंच, दोन दिवस वजन अर्धं करा, चालणं बंद करू नका. चौथ्या दिवशी मोकळी झाले. पहिल्या वेळेला तीन आठवडे गेले होते.

आता खटकलेलं. लिफ्ट नाही आणि जिना उंच पायऱ्यांचा आहे, कंबर धरलेल्या माणसाला हे फार वाईट, पहिल्या दिवशी मला वर पोचायला दहा मिनिटं लागली, त्यांनी खाली माणूस पाठवला हे खरं पण तरीही. गाडी लावायला गल्लीत जागा अजिबात नाही, रिक्षाच करा. संध्याकाळी सातनंतर गर्दी असते, वेळ देऊनही अर्धा तास थांबायला लागलं आहे. पडद्यांमुळे शेजारच्या पेशंटचं सगळं ऐकू येतं, स्वतःबद्दल काही सांगताना संकोच होतो. व्यायामाचा छापील कागद फक्त इंग्रजीत आहे, सासूबाईंना वाचता येईना तेव्हा मॅडमनी मागच्या बाजूला हाताने चित्रं काढून मराठीत लिहून दिलं, पण हा कागद मराठीत छापायलाच हवा, ठाण्यात बसलोय आपण.

पैसे: पहिली तपासणी ८००, नंतर दर वेळी ५००. माझ्या ११ वेळा झाल्या साधारण तीन महिन्यांत. त्यांनी कधी वीसचं पॅकेज गळ्यात मारलं नाही, उलट सातव्यानंतर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी या म्हणाल्या. मेडिक्लेममधून मला काही मिळालं नाही.

शेवटचा गृहपाठ त्यांनी दिला तो दिवाणाचा. मखराचं सामान मार्गशीर्ष आला तरी तसंच हॉलमध्ये पडलं होतं, मी कोणाला ठेवू देत नव्हते आणि स्वतःही ठेवत नव्हते. मुलाने फळी दोन्ही हातांनी धरली, मी एक गुडघा जमिनीवर टेकवला, पिशवी अंगाजवळ घेतली आणि आत सरकवली. काही झालं नाही. मग फळी मी स्वतः उचलून बघितली, दोन्ही हातांनी, खुब्यातून. मुलगा म्हणाला आई परत कशाला, पण मला करायचंच होतं.

जाणार असाल तर सकाळी दहाची वेळ मागा, तेव्हा शांतता असते. सैल सलवार किंवा ट्रॅक पँट घाला, जुने रिपोर्ट न्या, आणि फोन अकरा ते बारामध्येच करा, बाकी वेळी त्या मॅटवर असतात आणि उचलत नाहीत.