सावलीच्या बागेसाठी संकरित प्रिमरोज: वांडा की कॅन्डेलाब्रा?

ब्रिटनमध्ये घर घेताना मागची बाग उत्तरेकडे आली, की गुलाबांचा नाद सोडावा लागतो आणि जो तो प्रिमरोज (प्रिम्युला) ही बहुवर्षायू फुलझाडे लावण्याचा सल्ला देतो. सल्ला योग्य आहे, मात्र निवड फुलांच्या रंगावरून न करता जमिनीत ओल किती टिकते यावरून करावी. हिवाळ्याअखेरीस सुपरमार्केटात मिळणारी मोठ्या, भडक फुलांची रोपे प्रामुख्याने एका हंगामाच्या कुंडीसाठीच असतात. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

'वांडा' हा संकर कॉकेशसमधील प्रिम्युला जुलिए या जातीपासून आलेला आहे. जेमतेम १०-१५ सेंटिमीटर उंचीचे हे रोप वसंताच्या सुरुवातीलाच गडद जांभळट किरमिजी फुलांनी भरून जाते. त्या वेळी पानगळीच्या झाडांना पालवी फुटलेली नसल्यामुळे त्याला हवे तेवढे ऊन मिळते आणि पुढे उन्हाळ्यात त्याच झाडांची सावली त्याच्या पथ्यावर पडते. दर दोन-तीन वर्षांनी, बहर ओसरल्यावर, गड्डा उपटून त्याचे भाग वेगळे करून लावले की भागते.

कॅन्डेलाब्रा गटातील 'बुलीसिआना' संकराचा थाट निराळा आहे. मे-जूनमध्ये साठ सेंटिमीटरच्या आसपास उंच दांड्यांवर पिवळ्या, नारिंगी, गुलाबी फुलांची वलये एकावर एक चढत जातात. त्याच्या दोन्ही मूळ जाती चीनमधल्या. त्यांपैकी एकीला लिव्हरपूलचा कापूस व्यापारी आर्थर बुली याचे नाव आहे, तर दुसरीला त्याच्याच 'बीझ' रोपवाटिकेचे! दिसायला हा संकर निःसंशय सरस आहे. परंतु यॉर्कशायरमधील हार्लो कार उद्यानात कॅन्डेलाब्रा ओढ्याकाठी फुलतात, हे विसरून ते झाडाच्या मुळांत लावल्यास भर उन्हाळ्यात त्यांची पाने दुपारीच माना टाकतात.

तेव्हा मे महिन्यात, चार-पाच दिवस पाऊस नसताना, वीतभर खोल माती काढून मुठीत दाबावी. गोळा टिकला तर कॅन्डेलाब्रा जरूर लावावेत. माती भुसभुशीत होऊन सांडली तर वांडाच बरा, तोही कुजलेल्या पानांचे खत घालूनच. व्हाइन वीव्हिल या भुंग्याच्या पांढऱ्या अळ्या दोघांचीही मुळे खातात, त्यामुळे ओल असूनही रोप मलूल दिसल्यास ते हलकेच ओढून पाहावे आणि अळ्या आढळल्यास उन्हाळ्याच्या अखेरीस, माती अजून उबदार असताना, त्या अळ्यांना मारणाऱ्या सूत्रकृमींचे (नेमॅटोड) द्रावण घालावे. भिंतीलगतच्या, पाऊस न पोहोचणाऱ्या पट्ट्यात मात्र दोन्हींवर पैसे घालवू नयेत. तिथे कोरड्या सावलीतही तगणारे एपिमीडियम लावणे शहाणपणाचे.