ध्रुवावरचा एकांत: गोरेगावचा फ्लोअर की स्पितीचा बर्फ?

ध्रुवीय तळावर अडकलेल्या दोघांच्या थरारपटात फ्लोअरवर, म्हणजे स्टुडिओतल्या सेटवर, पहिला घोळ होतो तो तोंडातून निघणाऱ्या वाफेचा. चित्रनगरीत एसी 18 अंशांवर लावला तरी श्वास दिसत नाही. हवा 5 अंशांच्या आसपास लागते, म्हणजे सेट शीतगृहासारखा बंदिस्त करणं आलं. व्हीएफएक्सने चिकटवलेली वाफ संवादाच्या लयीत बसली नाही की क्लोजअपमध्ये उघडी पडते. कागदी बर्फ दुरून ठीक, पण पायाखाली करकरत नाही. तो आवाज फोलीत, म्हणजे नंतर स्टुडिओत आवाज भरताना, कॉर्नफ्लोअर भरलेली पिशवी दाबून काढायचा.

हिमाचलातल्या बर्फाळ स्पिती खोऱ्यात वाफ आणि करकर फुकट. मात्र बॅटऱ्या भराभर उतरतात, म्हणून जास्तीच्या अंगाशी, आतल्या खिशात ठेवायच्या. कॅमेरा गरम खोलीत तसाच नेला तर लेन्सवर दव धरतं. बाहेरच पिशवीत बंद करून मग आत न्यायचा. तुडवलेला बर्फ दुसऱ्या टेकला कोरा राहत नाही, हे वेगळंच. शिवाय डिसेंबरातही तिथला सूर्य दुपारी 34 अंश वर येतो. ध्रुवाकडची क्षितिजालगतची लांबच लांब सावली हवी तर पहाट-संध्याकाळीच शूट.

वेड चढत जाताना दाखवायचं तर आम्ही फ्लोअरच घेऊ. दर काही प्रसंगांनी खोलीची भिंत चार इंच आत सरकवा. प्रेक्षकाला कळत नाही, नुसतं गुदमरतं.