थीम पार्कची ट्रिप, एक शीट आणि एक आरडी: वर्षभर वापरल्यानंतर

अट एकच होती. परत आल्यावर महिनाभर घरात मासळी बंद करायची वेळ येता कामा नये. माणसं आठ: म्हापशाहून आम्ही चौघं नि सासूबाई, सावंतवाडीहून दादा, वहिनी आणि त्यांचा मुलगा. जायचं ठरलं खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकाला. त्यासाठी दोन गोष्टी वापरल्या: फोनवरची फुकटातली हिशेबाची शीट, दोन्ही घरांत मिळून एकच, आणि बँकेतली आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची आवर्ती ठेव. दोन्ही वर्षभर हाताळल्यावर लिहितेय.

आधी आरडी, कारण तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ट्रिपसाठी तिचा उपयोग नाही. बऱ्याच बँकांत सहा महिन्यांपासून पुढे मुदत मिळते. आम्ही डिसेंबरात नऊ महिन्यांची लावली. व्याज म्हणाल तर मुलांच्या आइस्क्रीमपुरतं. खरा फायदा हा की पगार झाला की पैसे आपोआप कापले जातात आणि मग ते आपले वाटतच नाहीत. फक्त मुदत प्रवासाच्या तारखेवर बेतू नका, रेल्वेच्या आरक्षणाच्या तारखेवर बेता. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे पहिला मोठा खर्च निघायच्या दोन महिने आधीच दारात उभा. आरडी सप्टेंबरात सुटली आणि ऑक्टोबरात तिकिटं काढली, ओढाताण झाली नाही.

आता शीट. सुरुवातीला तिच्यात सगळ्यांनी सवलतीचे कूपन चिकटवायला सुरुवात केली. अमुक कार्डावर इतके टक्के, चारावर एक फुकट, वगैरे. मी वैतागून ते सगळं दुसऱ्या पानावर हलवलं आणि पहिल्या पानावर घरापासून घरापर्यंतचा खर्च ओळीने मांडला. थिवी स्टेशनपर्यंतची रिक्षा, रेल्वे, पनवेलहून पुढची गाडी, गेट, लॉकर, जेवण, एका रात्रीची खोली, परतीची रेल्वे. तेव्हा कुठे दिसलं की गेटच्या तिकिटावर कितीही घासाघीस केली तरी वाचतं ते थोडंच. पैसा जातो तो पनवेल ते पार्क या टप्प्यात आणि पोटात. शिवाय जाहिरातीतला आकडा पुष्कळदा कर धरून नसतो. थीम पार्कच्या प्रवेशावरचा जीएसटी २०१८ च्या जानेवारीत २८ वरून १८ टक्क्यांवर आला खरा, पण आठ माणसांच्या तिकिटांवर १८ टक्के म्हणजे आणखी एका माणसाच्या तिकिटाहून जास्त झाले.

सगळ्यात मोठी बचत मात्र कॅलेंडरातून निघाली आणि ती आपल्या गोंयकारांनाच जमणारी आहे. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या सेंट झेवियरच्या फेस्ताची आपल्याकडे सुट्टी, महाराष्ट्रात साधा कामाचा दिवस. २०२५ मध्ये तो बुधवारी आला. पार्क रिकामं, रांगा छोट्या, खोलीचा दरही आठवड्यातल्या कामाच्या दिवसांचा. १९ डिसेंबरचा मुक्तिदिनही तसाच वापरता येतो. नाताळच्या सुट्टीत जाणं म्हणजे दुप्पट पैसे मोजून दुसऱ्यांच्या पाठी बघत उभं राहणं. पूर्वी एप्रिलमध्ये परीक्षा झाली की निघता यायचं, पण आता इथल्या वरच्या वर्गांची शाळा एप्रिलमध्येच सुरू होते, आणि मे महिन्यात तिथल्या उन्हात सासूबाईंना फिरवायचं धाडस माझ्यात नाही. दादाची मात्र तक्रार होती, आणि रास्त होती: ‘तुमच्या पोरांची दांडी दोन दिवसांची, माझ्या पोराची तीन.’ वहिनीने शीटमध्ये त्यासाठी ‘शाळा’ अशी एक ओळच घातली. समोरचा रकाना अजून रिकामा आहे.

तिकिटं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काढली, कोकणकन्येची. आम्ही थिवीला चढलो, दादा सावंतवाडीला, पहाटे पनवेल. एक रात्र गाडीतच गेल्याने खोलीचं एक भाडं वाचलं. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांचं अर्धं तिकीट बर्थ नको असेल तरच लागतं. बर्थ हवा तर पूर्ण पैसे. धाकट्याला माझ्याजवळ झोपवलं, मोठ्या दोघांना बर्थ घेतले. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाल्यापासून सासूबाईंचं तिकीटही पुरं. येताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकरानंतर सुटते आणि पनवेलला येईपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. तिथून चढायचं तर तारीख दुसऱ्या दिवसाची. शीटमध्ये ती ओळ मी लाल केली होती.

‘परत मिळेल का’ हा रकाना प्रत्येकाने घालावाच. रेल्वेचे थोडे कापून परत मिळतात, तारखेच्या पार्क तिकिटाचं तसं नसतं. म्हणून रेल्वे आधी पक्की केली, पार्क शेवटी.

शीटने त्रासही दिला. दादा मराठी कीबोर्ड वापरतो. त्याने १२०० असे देवनागरी आकडे भरले की शीट त्यांना मजकूर समजायची आणि बेरजेत धरायचीच नाही. ट्रिप इतकी स्वस्त दिसायला लागली की वहिनी दोन दिवस रोपवेपर्यंतची स्वप्नं रंगवत होती. खूण सांगते: खरा आकडा रकान्यात उजवीकडे सरकतो, मजकूर झालेला डावीकडे चिकटून बसतो. दुसरं म्हणजे, शीट ऑफलाइन करून ठेवायचं काम घरच्या वायफायवरच उरका. कोकण रेल्वेच्या बोगद्यांत रेंज शोधत बसू नका, एकटा करबुडेचाच साडेसहा किलोमीटरचा आहे. आणि आठ जणांना लिहायची मुभा देणं म्हणजे बाजारात तिजोरी उघडी टाकणं. एका संध्याकाळी जेवणाचा अख्खा रकाना उडाला. जुनी आवृत्ती परत आणता आली म्हणून निभावलं. आता लिहितो ते मी आणि दादा, बाकीच्यांनी बघायचं.

शीटमुळे लक्षात आलेल्या बारीक गोष्टी पुष्कळ. पार्कात मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं, तेव्हा घरीच दाराच्या चौकटीला पाठ लावून पेन्सिलीने खूण करून घेतली. भाच्याने केस फुगवून ठेवले होते, ते वहिनीने तळव्याने दाबून मोजले. तो मोठ्यांच्या रांगेत गेला आणि खर्चाचा आकडा आधीच बदलला, गेटवर धक्का बसला नाही. वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत, भाड्याने घ्यावे लागतात, म्हणून नायलॉनचे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणले. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, पण गाडीतलं रात्रीचं जेवण घरचं होतं: चपात्या, बटाट्याची सुकी भाजी आणि पोदेराचे (पाववाल्याचे) उंडे. पनवेलला पोटभर नाश्ता करूनच पुढे निघालो, त्यामुळे आत एकच जेवण विकत घ्यावं लागलं.

पनवेलहून दोन दिवसांसाठी एकच मोठी गाडी ठरवली. एसटी स्वस्त पडते, महाराष्ट्राच्या हद्दीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि चौघंच असतील तर मी एसटीच सांगेन. पण आठ माणसं, सामान आणि सासूबाईंचे गुडघे हे गणित गाडीच्या बाजूने गेलं. शिवाय दुसऱ्या दिवशी पालीचा बल्लाळेश्वर आणि महडचा वरदविनायक असे अष्टविनायकातले दोन गणपती झाले. सासूबाईंसाठी ट्रिप तीच होती. पार्कात त्यांनी एका सावलीच्या बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळल्या, लॉकरचे पैसे वाचले. त्यांना पूर्ण तिकीट काढून आत न्यावं की नाही, यावर शीटच्या टिपणात मोठी चर्चा आहे. नेलं हे बरंच केलं असं मला वाटतं. दादाला अजून पटलेलं नाही.

शीटला पाचपैकी चार, आरडीला साडेतीन. दोघंच जाणार असाल तर शीटची यातायात करू नका, कागद पुरे. दोन घरं, तीन पिढ्या असतील तर मात्र ती हवीच. २०२६ मध्ये ३ डिसेंबर गुरुवारी येतो, २ तारखेला रात्री निघायचं तर आरक्षण ३ ऑक्टोबरला उघडेल. शीटचं नवं पान दादाने करून ठेवलंय, आकडे यावेळी इंग्रजीत भरलेत.