जेवण उत्तम, पण बिलातली ती ओळ खटकली

न्यू जर्सीतील एडिसन परिसरातल्या एका मराठी पद्धतीच्या उपाहारगृहात जुलै २०२५ मध्ये आम्ही चौघे जेवायला गेलो होतो. भरली वांगी दाण्याच्या कुटात हात आखडता न घेता केलेली होती आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. सोलकढी तेवढी पातळ निघाली. मनात राहिला तो वाढणारा तरुण. आईला कडेची कडक भाकरी चावत नाही हे त्याने न सांगता ओळखले आणि "आजी, ही मऊ आहे," असे म्हणत दुसरी आणून वाढली.

९६ डॉलरच्या जेवणावर १८ टक्के, म्हणजे १७ डॉलर २८ सेंट, सर्व्हिस चार्ज लावलेला होता. "हे पैसे तुला मिळतात ना?" असे मी विचारले, तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, "नाही काका, ते मालकांकडे जातात. आमचं म्हणजे तुम्ही टेबलावर ठेवाल तेवढंच."

हे गिऱ्हाइकांनी नीट समजून घ्यायला हवे. न्यू जर्सीत २०२५ साली बहुतेक कामगारांसाठी किमान वेतन ताशी १५.४९ डॉलर होते. पण टिप मिळणाऱ्याला मालकाने स्वतःच्या खिशातून तेव्हा ताशी ५.६२ डॉलर दिले तरी चालत होते, कारण उरलेले ९.८७ डॉलर टिपमधून येतील असे कायदा धरून चालत होता आणि ते कमी पडले तरच मालकाला भर घालावी लागत होती. केंद्रीय कायद्यात तर ही रोख रक्कम १९९१ पासून २.१३ डॉलरवरच अडकलेली आहे. टिपमध्ये मालकाने किंवा मॅनेजरने वाटा घ्यायचा नाही, असे २०१८ साली केंद्रीय कायद्याने स्पष्ट केले. मात्र सक्तीचा सर्व्हिस चार्ज केंद्रीय कायद्याच्या लेखी टिप नसून मालकाचे उत्पन्न असतो. बिलावर १८ टक्के पाहून टिप दिली गेली असे समजणारे गिऱ्हाईक टेबलावर काहीच ठेवत नाही आणि मार बसतो तो वाढणाऱ्याला.

आम्ही वीस डॉलर रोख त्याच्या हातात दिले. गल्ल्यावर विचारले असता "सगळीकडे असेच असते," एवढेच उत्तर मिळाले. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांत टिप मिळो न मिळो, पूर्ण किमान वेतन मालकालाच द्यावे लागते. म्हणजे वाढणाऱ्याला टिपच्या भरवशावर ठेवणे सगळीकडे नाही; तेव्हा हे उत्तर मला पटले नाही.

जेवणाला पाचपैकी साडेचार, वाढपाला पाच, बिलाला एक. हा आकार कोणाला मिळतो हे मेनूच्या पहिल्याच पानावर छापले जाईपर्यंत आम्ही तिथून फक्त पार्सल आणू.